तेरा डेसिबल आणि अडीच किलो

ताईंनी पाठपिशवी काट्याला लटकवली आणि आकडा आला ९.२ किलो. त्यात पाणी होतं, वाऱ्यासाठीचं जाकीट होतं, गुडघ्याचा पट्टा होता आणि उरलेला सगळा रेडिओ. "हे घेऊन मी चढेन रे, पण उतरणार नाही," त्या म्हणाल्या. दुखरा गुडघा उतरताना बोलतो, हे ज्यांचा दुखतो त्यांना सांगावं लागत नाही.

ताई आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळातल्या. वय ५४, परवाना जुना, घरी १०० वॉटचा सेट आणि छपरावर डायपोल, म्हणजे तारेचा साधा अँटेना. त्यांना डोंगरमाथ्यांवरून संपर्क करायचा नाद लागला होता. या नादाला हॅम लोक 'सोटा' (समिट्स ऑन द एअर) म्हणतात. २ मार्च २००२ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये तो सुरू झाला आणि नंतर जगभर पसरला. नियम मोजकेच आहेत. सेट गाडीच्या विजेवर किंवा इंधनाच्या जनरेटरवर चालवायचा नाही, सगळं सामान अंगावर वाहून न्यायचं, आणि माथ्याचे गुण हवे असतील तर किमान ४ वेगवेगळ्या केंद्रांशी संपर्क करायचा. चार हा आकडा घरच्या खुर्चीत बसून अगदीच फुटकळ वाटतो.

ताईंनी नव्या सेटसाठी यादी करून आणली होती: १०० वॉट, बँडवरचे सिग्नल धबधब्यासारखे सरकत दाखवणारा वॉटरफॉल पडदा, आतली बॅटरी, अँटेना सेटशी जुळवणारा आतला ट्यूनर, व्हीएचएफ (जवळच्या संपर्काचा उंच फ्रिक्वेन्सीचा पट्टा), पाऊस सोसेल असा डबा. मी यादी वाचली आणि म्हणालो, "ताई, असा सेट असता तर मीच घेतला असता." मग ठरलं, की विकत घेण्याआधी उधारीवर तीन वेगवेगळ्या ताकदीचे सेट वापरून पाहायचे. डोंगर तोच, तार तीच, बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, ४० मीटर तरंगलांबीचा आणि मोड आवाजाचा, म्हणजे एसएसबी. ताईंना मोर्स परीक्षेपुरतं आलं होतं आणि तिथेच गंजलं होतं.

१०० वॉटची फेरी

९.२ किलोची पिशवी याच फेरीची. बॅटरी मी माझ्या पिशवीत घेतली. गटाने मिळून सामान वाहिलं तर नियमाला चालतं. ताईंच्या मानी स्वभावाला ते तितकंसं चाललं नाही.

माथ्यावर सहा मीटरची फायबरची काठी उभी केली आणि वीस मीटर लांबीची तार उलट्या व्हीसारखी ताणली. एका टोकाला, तार सेटशी जुळवणारा ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. अशी टोकाकडून फीड केलेली (सिग्नल दिलेली) अर्धतरंग, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीची तार ४०, २०, १५ आणि १० मीटर या चारही बँडवर ट्यूनरशिवाय चालते, म्हणून डोंगरावर ती फार लाडकी आहे. सेट लावला, एसडब्ल्यूआर (तार सेटशी किती जुळली त्याचं माप, १ च्या जवळ तितकं चांगलं) १.४ आला आणि ताईंनी खणखणीत आवाजात सीक्यू, म्हणजे 'कोणी आहे का' अशी हाक, दिला. 'सी' नंतरचा 'क्यू' बाहेर पडायच्या आत सेट बंद पडून पुन्हा सुरू झाला. पुन्हा सीक्यू, पुन्हा बंद.

बॅटरी भरलेली होती. चूक माझी होती. सावलीत बसता यावं म्हणून मी वायर लांबवली होती, एक चौरस मिलिमीटरची, तीन मीटर. वीज जाऊन परत येते, म्हणजे तांबं सहा मीटर. त्याचा रोध साधारण ०.१ ओहम. आवाजाच्या शिखरावर १०० वॉटचा सेट २० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे २ व्होल्ट वायरीतच गेले. बॅटरीकडे १३.१ व्होल्ट होते, सेटपर्यंत ११ पोचले. बहुतेक मोठे सेट १३.८ व्होल्टच्या खाली १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ११.७ पर्यंतच तग धरतात. हीच वायर ५ वॉटच्या सेटला वर्षभर बिनतक्रार चालली होती. ताकद वाढवली की सेटच्या जोडीला वायर, कनेक्टर, फ्यूज, बॅटरी सगळंच जाड करावं लागतं, हे मला माहीत होतं. पण ते पिशवी भरताना आठवायला हवं होतं.

लांबवलेली वायर काढली, उन्हात बसलो आणि काम सुरू झालं. दीड तासात ११ संपर्क. हे कबूल करायला हवं: १०० वॉटवर लोक पहिल्या हाकेला ओ देतात, आणि ताईंचा चेहरा खुलला होता. अर्ध्या तासानंतर मात्र एसडब्ल्यूआर सरकायला लागला. १.४ चा १.८ झाला, मग २.५ च्या पुढे गेला आणि सेटने स्वतःच ताकद कमी केली. ट्रान्सफॉर्मरच्या डबीला हात लावला तर चटका बसला. आतली फेराइटची कडी १०-१५ वॉटला पुरेल एवढी लहान होती. १०० वॉटसाठी मोठी कडी हवी, म्हणजे मोठी डबी, म्हणजे आणखी वजन. काटा पुन्हा आठवला.

५ वॉटची फेरी

पुढच्या खेपेला पिशवी हलकी होती आणि वातावरण जड. ताईंनी तासभर सीक्यू दिले. दोन उत्तरं आली. त्यातल्या एकाने त्यांचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओ-नाव, तीनदा विचारलं, चौथ्यांदा चुकीचं घेतलं आणि तो बिचारा गोंगाटात बुडून गेला. "मला ते सगळे ऐकू येतायत," ताई म्हणाल्या, "त्यांना मी नाही." छोट्या सेटची व्यथा याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही. माथ्यावर विजेचा गोंगाट नसतो, म्हणून आपल्याला क्षीण केंद्रंही स्वच्छ ऐकू येतात. पलीकडचा माणूस शहरात, चार्जर आणि दिव्यांच्या खरखरीत बसलेला असतो.

मग त्यांनी हाक देणं सोडलं आणि बँडवर फिरून मोठमोठ्या आवाजात येणाऱ्या केंद्रांना उत्तर द्यायला सुरुवात केली. वीस मिनिटांत तीन संपर्क झाले. ज्याचा सिग्नल आपल्याकडे दणदणीत येतोय, त्याचा अँटेना बहुधा चांगला असतो, आणि तोच अँटेना आपलंही ऐकतो. एकूण चार झाले, गुण मिळाले. पण ताईंना खाली उतरताना मजा आली नव्हती, आणि हा छंद आहे, नोकरी नाही.

मधला हिशेब

५ वॉट आणि १०० वॉट यांत वीस पट फरक, म्हणजे १३ डेसिबल (डेसिबल हे ताकदीच्या पटीचं माप; दहा पट म्हणजे १०). सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरचं एक घर ६ डेसिबलचं धरायचा संकेत आहे, म्हणजे फरक दोन घरांहून थोडा जास्त. (प्रत्यक्षात बरेच मीटर खालच्या टोकाला याहून कमी डेसिबललाच एक घर सरकतात, त्यामुळे काट्यावर फरक मोठा दिसतो. काट्यावर फार श्रद्धा ठेवू नये.) पलीकडे तुमचा सिग्नल ९ घरांवर असेल तर तो ७ वर आल्याने काहीच बिघडत नाही. पण तो ४ वर असेल आणि गोंगाटही ४ वर असेल, तर तेच १३ डेसिबल म्हणजे संपर्क होणं आणि न होणं.

म्हणून प्रश्न मी असा मांडला: हे १३ डेसिबल आणायचे कुठून? सगळे बॅटरीतून आणले तर ९.२ किलो होतात. दुसरीकडून किती मिळतात ते पाहू.

आम्ही १०० वॉटच्या फेरीचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित केला होता. घरी बसून घड्याळ लावून ऐकला. तासाला सरासरी ९ मिनिटं ताई बोलत होत्या, बाकी ५१ मिनिटं ऐकत होत्या. मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यात कामाचा आकडा हाच. चार तासांच्या मुक्कामात ३६ मिनिटं ट्रान्समिट आणि जवळजवळ साडेतीन तास रिसीव्ह.

आता विजेचा जमाखर्च. उधारीचा १०० वॉटचा सेट नुसतं ऐकताना १ अँपिअर खात होता आणि बोलताना सरासरी ८. चार तासांचे झाले सव्वाआठ अँपिअर-अवर. थोडी गंगाजळी धरून १२ ची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, वजन १.४ किलो. २० वॉटचा सेट मी टेबलावर मोजला होता: ऐकताना ०.५, बोलताना सरासरी २. चार तासांचे २.९ अँपिअर-अवर, आणि त्यातले १.७ नुसते कान देण्यात गेलेले. १० वॉटचा जो सेट नजरेत होता तो ऐकताना ०.१५ खातो, बोलताना १ च्या आत. सगळे मिळून १.१. त्याला ३ अँपिअर-अवरची, ४०० ग्रॅमची बॅटरी भरपूर झाली.

लोक सेटच्या जाहिरातीत वॉट बघतात. डोंगरावर नेणाऱ्याने आधी रिसीव्हचा करंट बघावा. एलेक्राफ्ट केएक्स२ चा जाहीर आकडा १३५ मिलिअँपिअर आहे. येसू एफटी-८९१ हा १०० वॉटचा १.९ किलोचा सुंदर सेट. त्याच्या कागदावर रिसीव्हला २ अँपिअर आणि ट्रान्समिटला २३ लिहिलेत. "मोठा सेट घ्यायचा आणि डोंगरावर १० वॉटवर ठेवायचा" हा सल्ला सर्रास मिळतो. तो सल्ला गाडीतून उतरून बाकावर बसणाऱ्याला ठीक आहे. पाठीवर नेणाऱ्याला नाही, कारण ताकद कमी केल्याने ऐकण्याचा खर्च एक थेंबही कमी होत नाही, आणि मोठ्या सेटची शेवटची पायरी, म्हणजे ताकद वाढवणारा भाग, कमी वॉटवर फार उधळी असते. १० वॉट बाहेर काढायलाही ती चांगले चार-पाच अँपिअर मागते.

ताईंनी पिशवीचं एकूण वजन ६ किलो ठरवलं. त्यातले अडीच रेडिओचे. काठी, तार, डबी आणि कोॲक्स (सेट आणि तारेमधली केबल) मिळून सव्वा किलो. उरला सव्वा किलो: सेट, बॅटरी, माइक, वायर, सगळं त्यात. या एका ओळीने यादीतल्या निम्म्या गोष्टी आपोआप खोडल्या गेल्या.

माझा सल्ला २० वॉटचा होता, शिगू जी९० सारखा. एसएसबीसाठी ५ आणि १०० च्या मधली ती समजूतदार जागा आहे असं माझं मत होतं, आजही आहे. ५ वरून २० म्हणजे ६ डेसिबल, एस-मीटरचं पुरतं एक घर, आणि आत ट्यूनरही येतो. पण सेट दीड किलोच्या घरात आणि बॅटरी वेगळी. ताईंनी कागदावर बेरीज केली आणि पेन्सिल माझ्यासमोर ठेवली. बोलल्या काहीच नाहीत.

यादीतल्या बाकी गोष्टी

वॉटरफॉल. आयकॉम आयसी-७०५ चा पडदा पाहून ताई हरखल्या होत्या, आणि त्यात चूक काही नाही. बँडवर कुठे कोण बोलतंय ते एका नजरेत कळतं. पण रंगीत पडदे भर उन्हात फिके पडतात. शिवाय ताईंचा चष्मा. आम्ही तो सेट मंडळात हाताळायला घेतला तेव्हा त्या तो हाताच्या अंतरावर धरून, मान मागे टाकून आकडे वाचत होत्या. साध्या, उन्हात उलट ठळक होणाऱ्या काळ्या-पांढऱ्या एलसीडीवर त्यांनी चष्मा न चढवता फ्रिक्वेन्सी वाचली. प्रश्न तिथेच मिटला.

आतली बॅटरी. सोय मोठी, वायरींचा गुंता वाचतो. पण ७०५ सारख्या सेटलाही स्वतःच्या बॅटरीवर ५ वॉटच मिळतात; १० हवे तर बाहेरून १३.८ व्होल्ट द्यावे लागतात. ताईंची ५ वॉटवर झालेली दमछाक मी पाहिली होती. बॅटरी बाहेरचीच ठरली. लिथियम आयर्न फॉस्फेटचा फायदा असा की चार सेलचा व्होल्टेज १३ च्या आसपास सपाट राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. तीन सेलची साधी लिथियम आयन १२.६ पासून हळूहळू घसरत जाते आणि तिच्याबरोबर ताकदही. फॉस्फेटची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, एवढं पथ्य पाळावं.

ट्यूनरवर आमचा वाद झाला. तार चार बँडवर आपसूक चालते, मग ट्यूनर कशाला, असं मी म्हणालो. ताई म्हणाल्या, "काठी पडली तर?" काठी खरंच पडते. तार झुडपावर लोंबकळत असताना एसडब्ल्यूआर काहीही दाखवतो, आणि तेव्हा आतला ट्यूनर चौथा संपर्क वाचवतो. ट्यूनर राहिला. मात्र तो सेटला खूश करतो, तारेला नाही. कोॲक्समध्ये जे वाया जायचं ते जातंच.

कोॲक्सचंही सांगून टाकतो. वजन वाचवायला लोक आरजी-१७४ ची पातळ केबल नेतात. तिच्या १० मीटरमध्ये १४ मेगाहर्ट्झला सव्वा डेसिबलच्या आसपास जातं, म्हणजे १० वॉटमधले अडीच केबलच्या पोटात. आम्ही तार टोकाकडूनच फीड करत होतो, तर केबल दहाची तीन मीटर केली. वजनही कमी, नुकसानही कमी. अशी फुकटची कमाई रोज मिळत नाही.

व्हीएचएफ ताईंनी स्वतःच खोडलं. हातात धरायचा छोटा सेट त्यांच्याकडे होता. पावसाचा डबाही गेला, कारण विजा कडाडत असताना माथ्यावर काठी उभारायची नाही हे ठरलेलंच होतं. लॅब५९९ चा टीएक्स-५०० साडेपाचशे ग्रॅममध्ये तो गुण देतो, पण त्यात ट्यूनर नाही.

यादीत नसलेल्या दोन गोष्टी आम्ही आत घेतल्या. एक, स्पीच कॉम्प्रेसर. आवाजाची शिखरं तेवढीच ठेवून मधल्या दऱ्या भरणारी ही सोय, बेताने वापरली तर ऐकणाऱ्याला ताकद दुप्पट झाल्यासारखी वाटते, म्हणजे जवळजवळ ३ डेसिबल. जास्त वापरली तर आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाले शिव्या देतात. दुसरी, हाक ध्वनिमुद्रित करून बटणावर वाजवण्याची सोय. तासभर सीक्यू दिल्यावर ताईंचा घसा बसायचा आणि मग खऱ्या संपर्काच्या वेळी आवाज चिरका यायचा. ही सोय डेसिबलमध्ये मोजता येत नाही.

१० वॉटची फेरी

तिसऱ्या फेरीला उधारीचा १० वॉटचा सेट, तीन मीटर केबल, कॉम्प्रेसर बेताचा, आणि एक नवी गोष्ट: वर पोचताच ताईंनी फोनवरून आपली फ्रिक्वेन्सी सोटावॉच या संकेतस्थळावर जाहीर केली. माथ्यांच्या मागावर असलेले हॅम तिथे डोळे लावून बसलेले असतात. चार मिनिटांत पहिली हाक आली, मग दुसरी, आणि मग एकावर एक अशी गर्दी झाली की ताईंनी "एकेक जण, एकेक जण" म्हणत हात वर केला, जणू समोर वर्ग बसलाय. तासाभरात १४ संपर्क. १०० वॉटच्या फेरीपेक्षा जास्त. ही तुलना काटेकोर नाही, दिवस वेगळा आणि बँडची तब्येतही वेगळी. शिवाय ज्याला तुम्ही कुठे आहात ते माहीत आहे, तो गोंगाटात कान खुपसून तुम्हाला शोधतो; अनोळखी माणूस डायल फिरवत पुढे जातो. त्या जाहिरातीने किती डेसिबल दिले ते कुठल्याच मीटरवर दिसत नाही.

बॅटरीवर लावलेल्या मीटरने खर्च दाखवला ०.८ अँपिअर-अवर, साडेतीन तासांचा. पिशवी ५.८ किलो.

सेट घेतला तो याच वर्गातला: १० वॉट, आत ट्यूनर, ऐकताना ०.१५ अँपिअर, साधा पडदा. नाव मुद्दाम लिहीत नाही; नाव वाचलं की लोक कारणं वाचत नाहीत. परवान्यात कोणत्या बँडवर किती ताकदीची मुभा आहे ते आधी पाहिलं होतं, आणि १० वॉटला ती अडचण कुठेच नव्हती.

हाच निर्णय दुसऱ्याला लागू होईल असं नाही. सोटासारखाच उद्यानांचाही एक नाद आहे; त्यात उद्यानात गाडी लावून बसणाऱ्याला, जिथे एका दिवसात १० संपर्क करावे लागतात, मी आजही मोठा सेट सांगेन. एफटी८, म्हणजे संगणकाने छोटे संदेश पाठवायचा मोड, करणाऱ्याचा हिशेब तर निराळाच. जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेला हा मोड गोंगाटाखाली २० डेसिबलवरचा सिग्नलही वाचतो, त्यामुळे ५ वॉटही चैन वाटते. पण त्यात आपल्या पाळीच्या १५ सेकंदांपैकी जवळजवळ १३ सेकंद पूर्ण ताकदीने ट्रान्समिट असतं, छोटा सेट तापतो, आणि पाठीवर संगणक चढतो. सूर्याचाही हात असतो. साधारण ११ वर्षांच्या चक्रात तो जोरात असताना १० मीटर बँडवर १० वॉट समुद्रापार जातात; तो मंदावला की तोच बँड दिवसचे दिवस मुका राहतो आणि ४० मीटरवर परत यावं लागतं.

सगळं जमलं असंही नाही. नवा सेट घेतल्यानंतरच्या चौथ्या मोहिमेत सौर वादळाने बँड आपटला होता. फोनला रेंज नाही, म्हणजे जाहिरातही नाही. दोन तासांत तीन संपर्क आणि सूर्य कलायला लागलेला. ताई म्हणाल्या, "तुझे १०० वॉट असते तर?" मी काही बोललो नाही, कारण असते तर चौथा झाला असता.

त्यांनी माइक काढला आणि पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून अंगठ्याएवढी मोर्सची की बाहेर काढली. ही ५० ग्रॅमची भर मला ठाऊक नव्हती. मोर्सला एसएसबीपेक्षा चांगला १० डेसिबलचा फायदा मिळतो, अगदी १० वॉटचे १०० केल्यासारखा. मिनिटाला आठ शब्द, मध्ये दोनदा अडखळून, एकदा आपलंच कॉलसाइन चुकवून. पलीकडच्या माणसाने आपला वेग त्यांच्याइतका खाली आणला आणि ५५९ चा, म्हणजे 'नीट कळतंय, जोर मध्यम' असा रिपोर्ट दिला. ताईंनी तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, "काठी खाली घे, अंधाराच्या आत उतरायचंय."